गोळी एकच, न्याय दोन

१/
विश्रामबागेतील एका औषधाच्या दुकानातून मी काही वर्षे दरमहा एकच गोळी आणीत असे. स्पायरोनोलॅक्टोन, आईच्या थकलेल्या हृदयासाठी. डॉक्टरांनी चिठ्ठीत गोळीच्या नावाखाली दोन गोष्टी अधोरेखित केल्या होत्या: रक्तातील पोटॅशियम तपासत राहा, आणि शहाळ्याचे पाणी बंद. दुकानदारही प्रत्येक वेळी विचारी, “काकूंचा रिपोर्ट झाला का?” एका संध्याकाळी त्याच काउंटरवर एका पारलिंगी स्त्रीने त्याच गोळीच्या तीन पट्ट्या मागितल्या. चिठ्ठी नव्हती. पट्ट्या निघाल्या, पैसे मोजले गेले, ती निघून गेली. तिला कोणी काहीही विचारले नाही.

२/
आजचा धागा त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. या औषधांबद्दल समाजमाध्यमांवर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे पाश्चात्त्यांनी आणलेले संथ विष आहे. दुसरा म्हणतो, हे संपूर्ण निर्धोक आहे, शंका घेणारा तो द्वेष्टा. माझे म्हणणे असे की दोन्ही सूर खोटे आहेत, आणि दोघांच्या गोंगाटात तिसरी गोष्ट बुडून जाते. औषधाचा धोका मोजता येतो, तो मोजण्याची रीत ठाऊक आहे, आणि आपण माणूस पाहून मोजतो किंवा मोजत नाही.

३/
प्रथम संज्ञा. पुरुषी शरीरलक्षणे घडवणाऱ्या संप्रेरकांना पुंस्प्रेरके म्हणतात. त्यांतील मुख्य टेस्टोस्टेरॉन. त्याची निर्मिती घटवणारी किंवा त्याचा परिणाम अडवणारी औषधे म्हणजे पुंस्प्रेरकरोधके, बोलीत ‘ब्लॉकर’. पारलिंगी स्त्रिया ती बहुधा इस्ट्रोजेनसोबत घेतात. हा धागा अठरा वर्षांवरील प्रौढांपुरता आहे. अल्पवयीनांचा प्रश्न निराळा आहे, आणि ब्रिटनमधील एप्रिल २०२४चा कॅस अहवाल त्या निराळ्या प्रश्नावर होता. तो प्रौढांच्या तोंडावर फेकणारे बहुधा त्याचे मुखपृष्ठही वाचलेले नसतात.

४/
पुंस्प्रेरके काय करतात हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ठाऊक होते. खोंड खच्ची केला की त्याची मस्ती उतरते आणि तो औताला चालतो. हे ज्ञान नांगराइतके जुने. त्याचे कारण शोधणारा प्रसिद्ध प्रयोग १८४९ साली ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बर्टोल्ड यांनी कोंबड्यांवर केला. वृषणे काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकला. वृषण काढून पुन्हा पोटातच दुसरीकडे रोवले, तर तुरा शाबूत राहिला. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात मिसळते आणि शरीरभर आज्ञा पोहोचवते.

५/
ते ‘काहीतरी’ १९३५ साली हाती लागले. आम्स्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले, आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिका यांनी ते कृत्रिमरीत्या तयार केले. या दोघांना १९३९चे नोबेल मिळाले. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले की पुंस्प्रेरके घटवली तर प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो. त्यांना १९६६ साली नोबेल मिळाले. तेव्हा लक्षात घ्या, पुंस्प्रेरके रोखण्याची वैद्यकविद्या जन्मली ती वृद्ध पुरुषांचे प्राण वाचवण्यासाठी. तिला ‘फॅड’ म्हणणाऱ्यांनी हगिन्स यांचे पदक परत मागवावे.

६/
या इतिहासाला काळी बाजूही आहे, आणि ती लपवणे हा अप्रामाणिकपणा होईल. १९५२ साली समलिंगी संबंधांवरून दोषी ठरलेल्या गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांच्यासमोर ब्रिटिश न्यायालयाने तुरुंग किंवा संप्रेरके असा पर्याय ठेवला. त्यांना वर्षभर कृत्रिम इस्ट्रोजेन दिले गेले. १९५४ साली ते वारले. पुढे पश्चिम जर्मनीत सायप्रोटेरॉन हे औषध लैंगिक गुन्हेगारांवरही वापरले गेले. नको असलेल्याला सक्तीने देणे ही शिक्षा होती, याबद्दल आज दुमत नाही. हव्या असलेल्याला ते मिळू न देणे किंवा आंधळेपणाने मिळू देणे ही मात्र शिक्षा आहे असे आपल्याला अजून वाटत नाही.

७/
मुख्य औषधे दोन. सायप्रोटेरॉन अ‍ॅसिटेट हे बर्लिनच्या शेरिंग कंपनीत १९६०च्या दशकाच्या आरंभी तयार झाले. गाभण उंदरिणींना ते दिल्यावर नर पिल्लांत पुरुषी लक्षणे नीट घडत नाहीत हे दिसले आणि त्याचा गुण उघड झाला. १९७३ साली ते युरोपच्या बाजारात आले. अमेरिकेत त्याला कधीच मान्यता मिळाली नाही. दुसरे स्पायरोनोलॅक्टोन. हे अमेरिकेच्या सर्ल कंपनीचे, १९५०च्या दशकाच्या अखेरचे, शरीरातील मीठपाणी बाहेर काढणारे औषध. पुरुष रुग्णांच्या छातीत वाढ दिसू लागली तेव्हा त्याचा दुसरा गुण ध्यानी आला. एकाचा दुष्परिणाम दुसऱ्याचा उपचार ठरला.

८/
आता पहिल्या सुराकडे वळू. ‘हे आपल्या संस्कृतीत नव्हते.’ ठीक. आपल्या ओळखीत पीसीओडी असलेली एखादी तरुणी असेलच. हनुवटीवरील राठ केस आणि मुरुमे यांसाठी तिला दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतील एका प्रकारात २ मिलिग्रॅम सायप्रोटेरॉन आणि ३५ मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायॉल असते. कित्येकींना स्पायरोनोलॅक्टोनही दिले जाते. तिची आई ती पट्टी देवघराच्या फडताळात ठेवते. संस्कृतीला तडा जात नाही. हनुवटीवरचे केस जिला आपण मुलगी मानतो तिला नकोसे झाले तर तो उपचार. जिला मानत नाही तिला नकोसे झाले तर तो विकार. इथे बदलले ते औषध नव्हे, आपली नजर.

९/
‘आपल्या परंपरेत तृतीयपंथीयांना मान होता, मग गोळ्या कशाला?’ हा त्याच सुराचा सभ्य अवतार. मान होता, खरे. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे जोगते सांगली-कोल्हापूरकडच्या गावांना परके नव्हेत. पण त्याच उपखंडात ब्रिटिशांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास तृतीयपंथीयांसाठी लिहिला, त्यांच्या नोंदवह्या ठेवल्या, सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेष आणि नाच दंडनीय केला. आणि हिजडा घराण्यांत ‘निर्वाण’ नावाचा जो विधी चालत आला, त्यात भूल नव्हती, शल्यविशारद नव्हता. दाईच्या हातातला चाकू होता.

१०/
परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या चाकूचे शरीरशास्त्रही सांगावे. हाडे मजबूत राहण्यासाठी शरीराला कोणते तरी लैंगिक संप्रेरक लागते, पुरुषी किंवा स्त्रैण. विशीत वृषणे गेली आणि त्याची जागा इस्ट्रोजेनने भरून काढली नाही, तर पुढे हाडे ठिसूळ होतात. निर्वाणाला माघार नाही. गोळी थांबवता येते, मात्रा कमी करता येते, परिणामांपैकी काही मागे फिरतात, काही फिरत नाहीत. चाकूची आठवण हळुवारपणे काढायची आणि गोळीला विष म्हणायचे, ही परंपरेवरची प्रीती नाही. त्या माणसांच्या देहाविषयीची ती बेफिकिरी आहे.

११/
आता दुसरा सूर: ‘संपूर्ण निर्धोक’. माझे काही मित्र या पंक्तीत बसतात, म्हणून अधिक स्पष्ट लिहितो. सायप्रोटेरॉनच्या दीर्घ व मोठ्या मात्रेने मेंदूच्या आवरणाची गाठ, म्हणजे मेनिंजिओमा, होण्याचा धोका वाढतो. २०२१ साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या फ्रेंच अभ्यासात अडीच लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. धोका साधारण साडेसहा पट आढळला. एकूण पोटात गेलेली मात्रा ६० ग्रॅमच्या पुढे गेल्यावर तो वीस पटींहून वर चढला. युरोपीय औषध संस्थेने २०२० सालीच १० मिलिग्रॅम व त्यावरील गोळ्यांच्या वापरावर निर्बंध घालण्यास सांगितले होते.

१२/
‘साडेसहा पट’ ऐकून पहिल्या सुराचे लोक टाळ्या पिटतील, म्हणून पुढचा आकडाही वाचा. त्याच अभ्यासात दरवर्षी लाखात सुमारे २४ जणींना अशी गाठ झाली. औषध जवळपास न घेतलेल्या गटात लाखात ४ ते ५ जणींना. धोका खरा आहे, पण विरळ आहे, आणि औषध थांबवल्यावर वर्षभराने तो बराच उतरतो. शेकड्यातल्या मृत्यूची भीती दाखवणे खोटे, तसेच लाखातल्या चोविसांना शून्य म्हणणेही खोटे. त्या चोविसांपैकी एक आपल्या घरची असते तेव्हा शून्य कोणी म्हणत नाही.

१३/
आता साधा त्रैराशिक हिशेब करू. ६० ग्रॅम म्हणजे ६०,००० मिलिग्रॅम. रोज ५० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर ही मर्यादा १,२०० दिवसांत, म्हणजे सव्वातीन वर्षांत गाठली जाते. रोज १० मिलिग्रॅम घेतले तर ६,००० दिवस लागतात, म्हणजे सोळा वर्षांहून अधिक. आणि नेदरलँड्स-बेल्जियमकडील पारलिंगी स्त्रियांच्या नोंदींवरून २०२१ साली दिसून आले की इस्ट्रोजेनसोबत घेतल्यास १० मिलिग्रॅमने टेस्टोस्टेरॉन जितके दबते, जवळजवळ तितकेच ५० मिलिग्रॅमने दबते. जादा चाळीस मिलिग्रॅम जादा स्त्रीत्व देत नाहीत. ते फक्त त्या साठ ग्रॅमच्या उंबरठ्याकडे पाचपट वेगाने नेतात.

१४/
हे ज्ञान कोणापर्यंत पोहोचले? आपल्या दुकानांत मिळणारी गोळी बहुधा ५० मिलिग्रॅमची. मैत्रिणीने मैत्रिणीला सांगितलेला नियम ‘रोज एक’. ‘निर्धोक’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनो, तुमच्या निर्धोकतेने तिला मात्रा विचारण्याची गरजच वाटू दिली नाही. तुम्ही तिची बाजू घेतलीत आणि तिच्या हातून हिशेब काढून घेतलात. (वाचणाऱ्यांपैकी कोणी ही गोळी घेत असेल तर धागा वाचून आपण होऊन थांबवू वा मोडून घेऊ नये, हा हिशेब घेऊन डॉक्टरांसमोर बसावे.)

१५/
स्पायरोनोलॅक्टोनची गोष्ट याहून बोधप्रद आहे, कारण तिच्यात पारलिंगी माणूस एकही नाही. १९९९ साली ‘रेल्स’ नावाच्या चाचणीने दाखवले की गंभीर हृदयविकारात हे औषध मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटवते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डॉक्टरांनी ते भराभर लिहायला सुरुवात केली. परिणाम? पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १९९४ साली हजारी २.४ होते, ते २००१ साली हजारी ११ झाले. त्यामुळे होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर गेले. जीवनदायी औषध, निष्णात डॉक्टर, श्रीमंत देश, आणि तरी माणसे मेली.

१६/
पण गोष्ट इथे संपत नाही. स्कॉटलंडमधील टेसाइड भागातही हे औषध त्याच काळात भरपूर वाढले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत पोटॅशियमची तशी आपत्ती दिसली नाही, कारण रक्ततपासण्याही बरोबरीने वाढल्या होत्या. औषध एकच आणि विकारही एकच असताना एका ठिकाणी शवागार भरले, दुसऱ्या ठिकाणी तपासणीची वही भरली. औषध विष आहे की अमृत, हा प्रश्नच चुकीचा होता. प्रश्न होता: वही कोण ठेवतो? माझ्या आईची वही होती. त्या तीन पट्ट्यांची नव्हती.

१७/
तिसरा धोका सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित. पुंस्प्रेरकरोधकासोबत इस्ट्रोजेन कोणते, याला फार महत्त्व आहे. आम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९८९ साली आपल्या ३०३ पारलिंगी स्त्री रुग्णांचा लेखाजोखा मांडला. सायप्रोटेरॉन आणि इथिनाइल इस्ट्राडायॉल घेणाऱ्या या गटात शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट निघाले. पुढील संशोधनात बोट इथिनाइल इस्ट्राडायॉलकडे गेले, आणि आज जाणकार मार्गदर्शिका ते देऊ नका असे सांगतात; नैसर्गिक इस्ट्राडायॉल, आणि वय वा जोखीम अधिक असेल तर ते त्वचेवाटे, अशी शिफारस करतात.

१८/
आता आपल्याकडे या. डॉक्टर नसेल तेव्हा इस्ट्रोजेन कुठे मिळते? गर्भनिरोधक गोळीत. ‘माला-डी’च्या प्रत्येक पांढऱ्या गोळीत ३० मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायॉल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. लवकर फरक पडावा म्हणून कोणी रोज तीन गोळ्या घेते, तेव्हा ९० मायक्रोग्रॅम होतात; आम्स्टरडॅममध्ये दिली जाणारी मात्रा १०० होती. म्हणजे जगाने टाकून दिलेला उपचार आपल्या मुली स्वस्त पट्टीतून स्वतःवर पुन्हा करताहेत. विनोद असा की लेव्होनॉरजेस्ट्रेलचा स्वभाव किंचित पुरुषी आहे. ज्यापासून पळायचे, तेच थोडेसे पोटात.

१९/
‘बरे, पण उपयोग तरी होतो का?’ प्रामाणिक उत्तर: काही गोष्टींना होतो, काहींना होत नाही. टेस्टोस्टेरॉन दबते, हे रक्तात मोजता येते. थायलंडमध्ये ५२ पारलिंगी स्त्रियांवर केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत २५ मिलिग्रॅम सायप्रोटेरॉनने ते १०० मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोनपेक्षा अधिक दबले. प्रोलॅक्टिन मात्र अधिक वाढले. शरीरावरचे केस विरळ होतात, स्नायू घटतात, त्वचा मऊ होते; स्तनांची वाढ मुख्यतः इस्ट्रोजेनची. आवाज बदलत नाही, उंची बदलत नाही, दाढी पूर्ण जात नाही. हे आधी सांगितले तर निराशेतून मात्रा दुप्पट होत नाही.

२०/
विरोधकांचे सर्वांत जड अस्त्र मीच पुढे ठेवतो. २०२० साली कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने पारलिंगी स्त्रियांतील पुंस्प्रेरकरोधके आणि इस्ट्रोजेन यांचा आढावा घेतला. त्यांच्या कसोटीस उतरेल असा एकही पूर्ण झालेला अभ्यास त्यांना सापडला नाही. एकही नाही. ‘बघा, पुरावाच नाही!’ असे म्हणून अनेकांनी तो आढावा नाचवला. पण ‘उपयोग नाही असे सिद्ध झाले’ आणि ‘नीट चाचणीच कोणी केली नाही’ या दोन वाक्यांत न्यायालय आणि गैरहजर साक्षीदार यांच्याइतके अंतर आहे. कॉक्रेनने दुसरे वाक्य लिहिले आणि चाचण्या करा असे सांगितले.

२१/
आणि साक्षीदार गैरहजर का? हृदयविकाराच्या ‘रेल्स’ चाचणीत १,६६३ रुग्ण होते. थायलंडच्या चाचणीत ५२. पुराव्याचे दारिद्र्य हे ज्यांच्यावर संशोधन झाले नाही त्यांचे पाप नव्हे. दशकानुदशके या माणसांना रुग्णालयाच्या दारात उभे करायचे नाही, मग त्यांच्याविषयी आकडे नाहीत म्हणून पुन्हा दार लावायचे. याला शास्त्रीय सावधगिरी म्हणत नाहीत. दुसऱ्या बाजूने, आकडे नाहीत म्हणजे चिंता नाही असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. आकडे नसतात तिथे तपासणी अधिक लागते, कमी नव्हे.

२२/
‘पण पुढे पश्चात्ताप झाला तर? मूल हवेसे वाटले तर?’ हा प्रश्न कुचेष्टेने विचारला नसेल तर योग्य आहे. या उपचाराने प्रजननक्षमता घटते आणि ती पूर्ण परत येईलच याची हमी देता येत नाही. म्हणूनच उपचारापूर्वी वीर्य जतन करण्याचा पर्याय सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. पण हा प्रश्न विचारण्यासाठी आधी ती व्यक्ती डॉक्टरसमोर बसलेली असावी लागते. तिला दवाखान्यातून हाकलून, मग तिच्या अजन्म्या मुलांसाठी अश्रू ढाळणे हा तमाशा आहे.

२३/
कायदा काय म्हणतो? १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात या माणसांचे घटनात्मक हक्क मान्य केले. संसदेने २०१९ साली संमत केलेल्या कायद्याच्या कलम १५ने संप्रेरक उपचारांसह वैद्यकीय सुविधा, समुपदेशन आणि विमा यांची जबाबदारी शासनावर टाकली. ऑगस्ट २०२२मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाख रुपयांच्या संरक्षणाचा करार झाला. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे मोजली गेली. डोकी मोजली, कायदा छापला. पोटॅशियम मोजणे तेवढे राहिले.

२४/
जिथे मोजले जात होते त्या जागांचे काय झाले तेही पाहा. २०२१ साली हैदराबादेत ‘मित्र’ नावाचा पारलिंगी समाजासाठीचा दवाखाना उघडला. पुढे कल्याण आणि पुण्यातही. पारलिंगी कर्मचारी, संप्रेरकांचा सल्ला, तपासण्या, सारे एका छताखाली. पैसा अमेरिकेच्या मदतसंस्थेचा होता. २०२५च्या आरंभी तिथल्या नव्या सरकारने मदत गोठवली आणि तिन्ही दवाखाने बंद पडले. इथे ‘पाश्चात्त्य कारस्थान’ म्हणणारे खूश झाले असतील. मला त्यात लाज वाटते ती एवढीच की आपल्या संसदेने दिलेला हक्क परक्याच्या पाकिटावर चालला होता, आणि पाकीट मिटताच कोणालाही कलम १५ आठवले नाही.

२५/
सांगलीला ही लाज अधिक वाटायला हवी, कारण या शहराने दुसरा रस्ता चालून दाखवला आहे. १९९२ साली इथे ‘संग्राम’चे एचआयव्हीविरोधी काम सुरू झाले. त्यातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ज्यांना ‘रोगाचे मूळ’ म्हटले जाई त्याच स्त्रिया निरोध वाटू लागल्या, एकमेकींची काळजी घेऊ लागल्या. पुढे ‘मुस्कान’मधून पारलिंगीही संघटित झाले. २००५ साली अमेरिकन मदतीसोबत वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट आली, तेव्हा ‘संग्राम’ने सही नाकारली आणि ते पैसे सोडले. शरीराची वही आपण स्वतः ठेवायची, हा धडा कृष्णाकाठी बाहेरून आलेला नाही.

२६/
विश्रामबाग सांगली आणि मिरज यांच्या मधोमध आहे. पूर्वेला मिरज, आपली आरोग्यपंढरी. १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय उभारले आणि कर्नाटकापासून रुग्ण येऊ लागले. १९६२पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शंभर फुटी रस्त्यावरून जाताना डॉक्टरांच्या पाट्या मोजल्या तरी दमायला होते. पोटॅशियमची तपासणी इथल्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. अशा गावात एखाद्या स्त्रीने औषधाची मात्रा मोबाइलवरील अनोळखी माणसाला विचारावी, याचे कारण विद्येची टंचाई नव्हे. प्रतीक्षागृहातल्या नजरा हे त्याचे कारण आहे.

२७/
म्हणून मागण्या चारच, आणि चारही साध्या. एक: प्रत्येक जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात ठरलेल्या वारी अंतःस्रावतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित फिजिशियनचा कक्ष, जिथे आहे तिथे वेळ फळ्यावर लिहा, जिथे नाही तिथे सुरू करा. दोन: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन, आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांचे पोटॅशियम व मूत्रपिंड, मोफत तपासा. तीन: सायप्रोटेरॉनची किमान पुरेशी मात्रा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा धोका मराठीत, समाजातल्याच कार्यकर्त्यांकडून पोहोचवा. चार: चिठ्ठीशिवाय देऊ नये असे वेष्टनावर छापलेले औषध चिठ्ठीशिवाय देऊ नका, पण चिठ्ठी मिळण्याची वाट आधी मोकळी करा, नाहीतर ही मागणी म्हणजे नुसती नवी बंदी.

२८/
क्रम महत्त्वाचा आहे. दुकानावर आधी छापा आणि दवाखाना मागाहून, असे केले तर ती स्त्री पट्टी सोडणार नाही. पट्टी कुरिअरने, दुप्पट भावाने, आणखी अज्ञात हातांतून येईल. बंदीचे समर्थक याला शिस्त म्हणतील. मी याला ओंटारिओ म्हणतो: औषध वाढते, वही नाही. ‘निर्धोक’वाल्यांनाही एक विनंती. तुमची घोषणा तिला धीर देते हे मान्य. पण धीर रक्तातले पोटॅशियम उतरवत नाही. तिच्यासोबत एकदा प्रयोगशाळेत जा. मोर्च्यापेक्षा वेळ कमी लागतो.

२९/
आई गेली त्यालाही आता वर्ष झाले. तिच्या रिपोर्टांची फाईल अजून कपाटात आहे. प्रत्येक कागदावर पोटॅशियमचा आकडा आणि त्यापुढे डॉक्टरांची बारीक खूण. त्या खुणांमध्ये एक वाक्य लिहिलेले असते: या बाईचे असणे आम्हाला मोजण्याजोगे वाटते. तीन पट्ट्या घेऊन गेलेली ती स्त्री नंतर मला दिसलेली नाही. ती बरी असेल, बहुतेकजणी असतात. पण ‘बहुतेक’ या शब्दावर आपण आपल्या आईला सोडले नसते.

३०/
असहमती असेल तर मुद्द्याचा क्रमांक देऊन लिहा. शिव्यांना उत्तर मिळणार नाही, आकड्यांना नक्की मिळेल. आणि तुमचे औषधाचे दुकान असेल तर एवढेच करा. पुढच्या वेळी ती आली की, जसे काकूंचे विचारता तसेच, त्याच आवाजात विचारा, “ताई, रिपोर्ट झाला का?”